पाठीला विचारून घ्या

कॅमेऱ्याची बॅग घ्यायची ठरली की आपण थेट दुकान गाठतो, नाहीतर मोबाइल उघडतो. त्याआधी स्वयंपाकघरातला वजनकाटा काढा. लाडवांचं बेसन मोजायला असतो ना, तोच. त्यावर कॅमेऱ्याची बॉडी ठेवा, मग एकेक लेन्स, जादा बॅटऱ्या, फिल्टरची डबी, ब्लोअर, पुसायचं कापड आणि शेवटी ट्रायपॉड. आकडे कागदावर मांडा. अंदाजाने लिहू नका, कारण आवडत्या वस्तूचं वजन माणूस नेहमी कमीच धरतो.

मी हा उद्योग पहिल्यांदा केला तेव्हा हिशेब असा निघाला. फुल फ्रेम मिररलेस बॉडी बॅटरीसकट 660 ग्रॅम, 24-105ची लेन्स जवळजवळ तेवढीच. 70-200, एफ 2.8ची, एक किलोच्या थोडी वर. दोन बॅटऱ्या आणि किरकोळ सामान मिळून साडेचारशे ग्रॅम, कार्बन फायबरचा ट्रायपॉड 1,400 ग्रॅम. सव्वाचार किलो झाले आणि यात पाण्याचा थेंब नव्हता. सह्याद्रीत थंडीतल्या ट्रेकला तीन लिटर पाणी लागतं, एप्रिल-मे महिन्यात चारसुद्धा पुरत नाही. तीन लिटर म्हणजे तीन किलो, त्यात सवलत नाही. मुक्काम असेल तर स्लीपिंग बॅग, जर्किन, शिधा, विजेरी, कपड्यांचा जोड धरून आणखी चारेक किलो. शिवाय रिकामी बॅग दोन किलोंची धरली. बेरीज तेरा किलोंच्या पुढे गेली.

डोंगरात फिरणाऱ्यांचा एक ढोबळ आडाखा आहे. एका दिवसाच्या चालीला पाठीवर आपल्या वजनाच्या दहा टक्के, मुक्कामी ट्रेकला फार तर वीस टक्के. माझं वजन पासष्ट किलो. म्हणजे मी काठावर होतो, तेही बॅग निवडायच्या आधीच. दुकानदार विचारतो, “कॅमेरा कुठला आहे?” आजवर एकानेही “जाणार कुठे?” असं विचारलेलं नाही. माझ्या लेखी पहिला प्रश्न तोच आहे, आणि दुसरा पाठीचा. कॅमेऱ्याचा नंबर तिसरा.

वजन आटोक्यात आणायचा सर्वांत स्वस्त उपाय बॅगेत नाही, जुन्या फोटोंत आहे. गेल्या दोन-तीन वर्षांतले ट्रेकचे फोटो संगणकावर उघडा आणि कुठला फोटो किती मिलिमीटरवर काढलाय ते पाहा. फोटो हाताळणाऱ्या बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये ही निवड करता येते. माझे दहातले आठ फोटो 24 ते 70 या टप्प्यातले निघाले. 70-200 मी हरिश्चंद्रगडावर तीनदा चढवली होती आणि तीनही वेळा ती तितक्याच इमानाने खाली आणली होती. पक्षी हाच ज्यांचा विषय आहे त्यांची गोष्ट वेगळी, त्यांना मोठ्या लेन्सला पर्याय नाही. इतरांनी मात्र दोन लेन्सवर थांबावं. एपीएस-सी सेन्सरची छोटी बॉडी आणि 18-135ची लेन्स मिळून पाऊण किलोच्या आत बसणारी जोडीही मिळते. फोटो छापून भिंतीभर लावायचे नसतील तर तिला नावं ठेवायचं कारण नाही.

सॅम्युअल बॉर्न या इंग्रज छायाचित्रकाराने 1866मध्ये हिमालयातल्या मणिरंग खिंडीत, अठरा हजार फुटांच्या वर, काचेच्या ओल्या प्लेटांवर फोटो काढले होते. कॅमेरा, काचा, रसायनं, अंधारखोलीचा तंबू असं सगळं बिऱ्हाड त्याच्याबरोबर होतं. ते वाहणारे हमालही होते. आपला हमाल आपणच, म्हणून हा एवढा काथ्याकूट.

पाठीचं माप

ट्रेकिंगची सॅक आणि कॅमेऱ्याची बॅग या दोन वेगळ्या जाती आहेत असं दुकानात वाटतं. गंमत म्हणजे दोन्हींच्या मुळाशी एकच घर आहे. अमेरिकेतला गिर्यारोहक ग्रेग लोव याने 1967च्या सुमारास आतून सांगाडा असलेली सॅक आणली आणि लोवप्रो या कॅमेऱ्याच्या बॅगांची सुरुवातही त्याच्याकडूनच झाली. पुढे दोघींच्या वाटा फुटल्या. कॅमेऱ्याच्या बॅगांमध्ये फोम, कप्पे आणि चेन वाढत गेल्या आणि कंबरपट्टा बारीक होत होत नुसती नाडी उरली. आज पाच आकडी किमतीच्या काही खास बॅगांनी तो परत जाड केलाय खरा. पण बाजारात ढिगाने दिसतात त्या बॅगा लग्नाच्या हॉलसाठी किंवा गाडीतून उतरून पॉइंटपर्यंत चालण्यासाठी बनवलेल्या आहेत. त्या कामाला त्या उत्तमच आहेत.

सॅकचं माप उंचीवर नसतं, धडाच्या लांबीवर असतं. मान पुढे झुकवली की मानेच्या मुळाशी एक हाड टोचतं, ते वरचं टोक. दोन्ही हात कमरेच्या हाडांवर ठेवून अंगठे मागे वळवले की अंगठ्यांना जोडणारी रेघ हे खालचं टोक. घरातल्या कुणाला तरी शिंप्याचा टेप देऊन या दोन टोकांमधलं अंतर मोजून घ्या. बहुतेकांचं ते चाळीस ते पन्नास सेंटिमीटरच्या दरम्यान भरतं. पावणेसहा फुटी माणसाचं धड आखूड आणि पाय लांब असू शकतात. त्याने ‘मोठी’ सॅक घेतली तर कंबरपट्टा कमरेऐवजी मांड्यांवर येतो, आणि मग चढताना प्रत्येक पावलाला सॅक गुडघ्याशी भांडते. परदेशी मापाच्या कॅमेरा बॅगा आपल्याकडच्या बुटक्या माणसांना, विशेषतः बायकांना, हमखास लांब पडतात. पट्ट्यांची उंची वर-खाली करता येते का, बायकांसाठी वेगळे, छातीपाशी वळण घेतलेले पट्टे मिळतात का, हे आधी विचारा. कप्पे किती आहेत ते नंतर.

ओझं खांद्यांनी वाहायचं नसतं, कमरेने वाहायचं असतं. त्यासाठी कंबरपट्टा रुंद, जाड आणि थोडा ताठ हवा, आणि तो कमरेच्या हाडावर बसायला हवा, पोटावर नव्हे. पट्टा आवळल्यावर खांद्याचे पट्टे थोडे सैल करून पाहा. भार लगेच खाली उतरला तर सॅक कामाची. तसाच खांद्यावर लोंबकळत राहिला तर पट्टा शोभेचा आहे. सांगाड्याची परीक्षाही सोपी आहे. रिकामी बॅग जमिनीवर उभी करून वरून तळहाताने दाबा. हार्मोनियमच्या भात्यासारखी मिटली तर दहा किलोंना ती तशीच मिटणार, आणि ते वजन तुमच्या कण्यावर येणार.

वजन आत कुठे आहे, हेही बघावं लागतं. जड वस्तू पाठीला चिकटून, साधारण पाठीच्या मध्यावर असाव्यात. कॅमेऱ्याच्या जाड फोमच्या बॅगेत लेन्स पाठीपासून वीतभर लांब जाऊन बसतात. सपाट रस्त्यावर त्याचं काही वाटत नाही. रतनगडाच्या किंवा कळसूबाईच्या लोखंडी शिड्यांवर मात्र ती बॅग मागे खेचते, आणि तेव्हा दोन्ही हात कठड्याला घट्ट लागतात. बॅगेची रुंदीही तिथेच कळते. खांद्यापेक्षा रुंद बॅग नको. शेजारी बांधलेला ट्रायपॉड कातळाला आपटतो, पावसाळ्यानंतर कारवीच्या रानात अडकतो. ट्रायपॉड पाण्याच्या बाटलीच्या खिशात पाय खाली करून, वर आणि मध्ये दोन पट्ट्यांनी आवळून ठेवावा. त्यापेक्षा चांगलं म्हणजे सॅकच्या आत ठेवावा. बॅगेच्या पोटावर मध्यभागी बांधलेला ट्रायपॉड जाहिरातीच्या फोटोत फार रुबाबदार दिसतो, पण कड्यावर तोच तुम्हाला मागे ओढतो.

हात पोचला पाहिजे

हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर पावसाळ्याच्या दिवसांत कधीकधी इंद्रवज्र दिसतं. सकाळचं ऊन पाठीशी, समोर दरीत ढग, आणि त्या ढगावर गोल इंद्रधनुष्याच्या मधोमध आपलीच सावली. ढग हलला की खेळ संपतो. मी ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा कॅमेरा सॅकच्या तळाशी होता, वर स्लीपिंग बॅग, तिच्यावर भाकऱ्यांचं गाठोडं. सॅक उघडून कॅमेरा हातात येईपर्यंत समोर नुसतं पांढरं धुकं उरलं होतं. डोळ्यांनी पाहिलं हे भाग्य, असं तेव्हा सगळे म्हणाले. मीही म्हणालो.

तेव्हा बॅग कुठून उघडते, हा चैनीचा प्रश्न नव्हे. पुढून उघडणारी बॅग जमिनीवर पाठ टेकवून ठेवावी लागते. म्हणजे चिखल पट्ट्यांना लागतो आणि मग तुमच्या शर्टाला. पाठीकडून उघडणाऱ्या बॅगेची पुढची बाजू चिखलात आणि पट्टे आभाळाकडे, त्यामुळे पाठ कोरडी राहते. शिवाय रेल्वेच्या गर्दीत मागून कुणी चेन उघडू शकत नाही. कंबरपट्टा तसाच बांधलेला ठेवून बॅग पोटावर फिरवायची आणि जमिनीला न टेकवता उभ्याउभ्या लेन्स बदलायची, हेही तिच्यात जमतं. कास पठारासारख्या जागी, जिथे बॅग फुलांवर ठेवणं म्हणजे पाप, ही सोय फार उपयोगी पडते. बाजूने उघडणाऱ्या बॅगेतून एका खांद्यावर बॅग झुलवून कॅमेरा चटकन काढता येतो. पण चेन लावायची राहिली तर तो तितक्याच चटकन दरीत जातो. चेन लावली की नाही हे हाताने चाचपून पाहायची सवय नसेल, तर ही जात घेऊ नका.

माझं स्वतःचं मत विचाराल तर चालताना कॅमेरा बॅगेत नसावाच. तो छातीवर असावा. याचे दोन मार्ग आहेत. एक म्हणजे खांद्याच्या पट्ट्यावर बसणारी धातूची क्लिप, जिच्यात बॉडी अडकवता येते. दुसरा म्हणजे छातीवर पट्ट्यांनी अडकवायचा छोटा पाऊच. क्लिप हलकी आहे, कॅमेरा क्षणात हातात येतो. पण लेन्स जड असली की खांदा दुखतो, आणि कातळाला छाती घासत चढायची वेळ आली की कॅमेरा आत टाकावाच लागतो. पाऊच थोडा गरम होतो, पायाखालचं दिसायला किंचित आड येतो, पण धूळ आणि पावसाची भुरभुर अडवतो. मी हिवाळ्यात क्लिप वापरतो आणि जून ते सप्टेंबर पाऊच. उन्हाळ्यात घसाऱ्यावरून उतरताना दोन्ही नको, कॅमेरा सॅकमध्ये. त्या वेळी फोटोपेक्षा पावलं महत्त्वाची.

पाऊस, आपला आणि तिरका

परदेशी लेखांत बॅगेच्या रेनकव्हरबद्दल एक वाक्य असतं आणि विषय संपतो. आपला विषय तिथे सुरू होतो. सह्याद्रीचा पाऊस वरून पडतो तसा आडवाही येतो, आणि नाणेघाटात तर धबधब्याचं पाणी वाऱ्याने उलटं वर उडतं. रेनकव्हर बॅगेची पुढची बाजू झाकतं. पाठीकडची बाजू उघडीच असते, कारण तिथे तुम्ही असता. मानेवरून ओघळलेलं पाणी पाठ आणि बॅग यांच्यामधून खाली झिरपतं, त्यात घाम मिसळतो, आणि दोन तासांत पाठीकडचा फोम पिळून काढण्याइतका ओला होतो. आता आठवा, पाठीकडून उघडणाऱ्या बॅगेची कॅमेऱ्याची चेन नेमकी कुठे आहे? तिथेच. वर जिचे गोडवे गायले तीच बॅग पावसाळ्यात सर्वांत आधी भिजते.

पाणी उडवून लावणाऱ्या रबरी लेपाच्या चेन मिळतात. त्या पाणी काही वेळ थोपवतात, पूर्ण अडवत नाहीत, आणि कोपऱ्यांत, जिथे चेन वळते, तिथे हमखास हार मानतात. कापडाचंही तसंच. नायलॉनवर लिहिलेला डेनिअरचा आकडा धाग्याची जाडी सांगतो. 210 डेनिअर हलकं आणि नाजूक, 420 मध्यम, 840 किंवा 1,000 म्हणजे कातळावर घासलं तरी टिकणारं, पण जड. तळाला जाड आणि वर मध्यम असं कापड असलेली बॅग शहाण्या माणसाने शिवलेली असते. मात्र जाड कापडही शिवणीतून गळतं. सुईने पाडलेल्या प्रत्येक भोकातून पाणी आत येऊ शकतं.

म्हणून खरं संरक्षण बॅगेच्या आत ठेवावं. तोंड तीन-चार घड्या घालून बक्कल लावायची ड्रायबॅग मिळते, तिच्यात कॅमेऱ्याचा डबा ठेवायचा. ती नसेल तर जुन्या ट्रेकरांची पद्धत अजूनही चालते. सॅकच्या आत जाड प्लॅस्टिकची मोठी पिशवी अंथरायची, सगळं सामान तिच्यात आणि तोंडाला पीळ घालून गाठ. रेनकव्हरही घ्या, चिखल आणि काटे त्याच्यावर जातात. पण त्याला दोरी किंवा हूक हवा. नसेल तर वारा ते एकदाच उडवून नेतो, परत आणून देत नाही.

पाण्याची पिशवी, जिच्या नळीतून चालताना पाणी पितात, ती कॅमेऱ्याच्या कप्प्यात कधीही ठेवू नका. एका मित्राने ठेवली होती. साम्रदहून सांधण दरीत उतरायच्या आधीच झाकणाचा आटा नीट बसला नव्हता. दरीतल्या पाण्यात उतरताना आम्ही सगळ्यांनी बॅगा डोक्यावर धरल्या होत्या, त्याने तर सर्वांत उंच. कॅमेरा तोपर्यंत आतल्या आत भिजून गेला होता.

एक बॅग की दोन

आता मुख्य फाटा. खास कॅमेऱ्याची ट्रेकिंग बॅग घ्यावी, की साधी ट्रेकिंग सॅक घेऊन तिच्यात कॅमेऱ्याचा मऊ डबा, ज्याला दुकानात क्यूब किंवा इन्सर्ट म्हणतात, तो ठेवावा?

एका दिवसाच्या ट्रेकला, आठवड्यातून एकदा जाणाऱ्याला, पंचवीस-तीस लिटरची चांगली कॅमेरा बॅग पुरते. सकाळी कसारा लोकल पकडायची, रात्री घरी यायचं, मुक्काम नाही. तिथे कप्पे, चेन, सगळी व्यवस्था उपयोगी पडते. एकच बघा, कॅमेऱ्यापलीकडे डबा, दोन बाटल्या आणि जर्किन मावतं का. पुष्कळ बॅगांमध्ये आठ फिल्टरना जागा असते, पण पोळीभाजीच्या डब्याला नसते.

मुक्काम आला की मी दुसऱ्या बाजूचा. पंचेचाळीस-पन्नास लिटरची, मापाने बसणारी साधी सॅक आणि आठ-दहा लिटरचा डबा. खास बॅग डब्यासकट अडीच किलोंच्या घरात जाते, साधी सॅक दीड किलोत येते, डबा अर्ध्या किलोचा. वाचलेला अर्धा किलो म्हणजे अर्धा लिटर पाणी. पैसेही वाचतात. शिवाय कॅमेरा न नेता कुठे जायचं असेल तर सॅक सॅकच राहते. यात खोट एकच, डबा वरून काढावा लागतो. म्हणून पुढून किंवा बाजूने लांब चेन असलेली सॅक शोधा, आणि डबा तळाशी न ठेवता मध्यावर, पाठीला टेकवून ठेवा. त्याच्याखाली स्लीपिंग बॅग दाबून भरली की ती गादीसारखं काम करते. सॅक खाली आपटली तरी धक्का तिथेच जिरतो.

डब्याचा खरा फायदा विमानतळावर कळतो. देशांतर्गत विमानांत हातातल्या सामानाची मर्यादा बहुतेक कंपन्यांकडे सात किलो आहे आणि आकार साधारण 55 गुणिले 35 गुणिले 25 सेंटिमीटर. पन्नास लिटरची सॅक त्यात बसत नाही. डबा उचलून घडी होणाऱ्या छोट्या बॅगेत टाकायचा आणि केबिनमध्ये न्यायचा, सॅक ट्रायपॉडसकट सामानात द्यायची. सुट्या लिथियम बॅटऱ्या मात्र सामानात देता येत नाहीत, त्या हातातच हव्यात, टोकांना चिकटपट्टी लावून. शंभर वॉट-अवरपर्यंतच्या बॅटऱ्यांना परवानगी विचारावी लागत नाही. कॅमेऱ्याची बॅटरी पंधरा-सोळा वॉट-अवरची असते, वीस हजार एमएएचची पॉवर बँक 74ची. म्हणजे दोन्ही खुशाल न्या, पण केबिनमध्ये. एव्हरेस्ट बेस कॅम्पला जाणाऱ्यांना लुक्ल्याच्या छोट्या विमानात सगळं मिळून साधारण पंधरा किलोंतच भागवावं लागतं. तिथे वजनकाट्याचा कागद पुन्हा काढा.

हिमालयात सॅक खेचरावर द्यायची सोय बऱ्याच ट्रेकवर असते. कपडे खुशाल द्या, कॅमेरा देऊ नका. खेचर कडेच्या दगडाला घासून चालतं आणि ओढ्यात उतरलं की थबकून पाणी पितं, तुमच्या लेन्सची त्याला काय पर्वा. म्हणून त्या ट्रेकसाठी तीस लिटरची सॅक पाठीवर आणि बाकीचं गाठोडं खेचरावर, ही विभागणी बरी. पाठीवरच्या सॅकला आतल्या बाजूने, अंगाजवळ, एक छोटा खिसा असेल तर उत्तम. थंडीत बॅटऱ्या झपाट्याने उतरतात, त्यांना ऊब हवी असते. रात्री त्या स्लीपिंग बॅगमध्ये घेऊन झोपा. बाहेरच्या गारठ्यातून कॅमेरा उबदार खोलीत आणताना मात्र उलट करा, बाहेर असतानाच तो ड्रायबॅगमध्ये बंद करा आणि आत आल्यावर तास-दीड तास उघडू नका. नाहीतर लेन्सवर दव साचतं, चष्म्यावर साचतं तसंच.

दुकानात

मुंबईच्या बोरा बाजारात किंवा तुमच्या गावातल्या मोठ्या दुकानात जाताना स्वतःचा कॅमेरा आणि पाण्याच्या भरलेल्या बाटल्या बरोबर न्या. रिकामी बॅग सगळ्यांनाच बसते. आठ-दहा किलो भरा, पट्टे आवळा, जिना दोनदा चढा-उतरा, खाली वाका, बुटाची नाडी बांधून पाहा. वाकताना बॅग डोक्यावर आदळत असेल तर नको. मान वर करून आभाळ पाहा. वरचा कप्पा डोक्याला लागत असेल तर शिडीवर वरची पायरी दिसणार नाही. दुकानदार कंटाळला तरी चालेल, पंधरा मिनिटं अंगावर ठेवाच. ऑनलाइन मागवली तर परत करायची मुदत संपायच्या आत पाच-पाच किलोंच्या तांदळाच्या दोन पिशव्या भरून घराचे जिने चढा. शेजारी विचारतील. सांगा.

चेन हातात धरून पाहा. चेनवर वायकेके अशी अक्षरं दिसली की निदान चेनची काळजी मिटते. ही जुनी जपानी कंपनी आहे, 1934मध्ये सुरू झालेली. मुख्य कप्प्याची चेन जाड हवी, आणि कोपऱ्यावर एका हाताने, न अडकता ओढता आली पाहिजे. खांद्याचा पट्टा बॅगेला जिथे जोडलेला असतो ती शिवण उलटून बघा. तिथे फुलीसारखी, दुहेरी-तिहेरी टाकेबंदी असावी. माझ्या एका बॅगेचा पट्टा हरिश्चंद्रगडाच्या पाचनई गावाकडच्या वाटेवर अर्ध्यात सुटला. गावातल्या एका आजोबांनी गोणी शिवायच्या दाभणाने आणि सुतळीने तो शिवून दिला. बाकीच्या शिवणी नंतर उसवल्या, ती अजून तशीच आहे.

रंग काळा नको, उन्हात आतलं तापमान चढतं आणि धुक्यात मागच्याला पुढचा माणूस दिसत नाही. ‘मी कॅमेरा आहे’ असं ओरडणारी, मोठं नाव भरतकाम केलेली बॅग एसटी स्टँडवर आणि रेल्वेत नको. जुनी, वापरलेली घेत असाल तर आतल्या बाजूचा चंदेरी किंवा पांढरा लेप नखाने खरवडून पाहा. आपल्या दमट हवेत हा लेप काही वर्षांत चिकट होतो, आंबट वास येतो, मग त्याच्या खपल्या गळतात. लेन्स बदलताना त्या खपल्या थेट सेन्सरवर जातात.

घरी आल्यावर

ट्रेकहून आल्यावर कॅमेरा बॅगेतच ठेवून बॅग कपाटात टाकणं ही आपल्याकडची सर्वांत महागडी सवय आहे. फोम ओलावा धरून ठेवतो. जुलैत ठेवलेली लेन्स गणपतीत काढली की आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी दिसते. मी असं एकदा एक लेन्स गमावून शिकलो. कॅमेरा आणि लेन्स झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात सिलिका जेलबरोबर ठेवा, सोबत छोटा आर्द्रतामापक ठेवा, काटा चाळीस-पन्नासच्या आसपास राहू द्या. पैसे असतील तर विजेवर चालणारं ड्राय कॅबिनेट घ्या. बॅग मात्र पूर्ण रिकामी करा, कप्प्यांचे सगळे पडदे काढा, वाळू झटका, साध्या साबणाच्या कोमट पाण्याने हाताने पुसा आणि सावलीत, चेन उघड्या ठेवून, उलटी टांगा. वॉशिंग मशीनमध्ये घालू नका. घामाचं मीठ पट्ट्यांवर पांढरं साचलं असेल तर ते आधी घासून काढा.

आणि जून लागण्याआधी, मेच्या शेवटच्या रविवारी, एक परीक्षा घ्या. सॅकमध्ये जुनी वर्तमानपत्रं चुरगाळून भरा, डब्यातही एक घडी ठेवा. ड्रायबॅग बंद करा, रेनकव्हर चढवा, सॅक स्वतःच्या पाठीवर घ्या आणि कपड्यांसकट न्हाणीघरात शॉवरखाली दहा मिनिटं उभे राहा. मधूनमधून वाका, एकदा पाठ शॉवरकडे करा, एकदा तोंड. घरचे हसतील, त्याला इलाज नाही. मग सॅक उघडून कुठला कागद ओला झालाय ते पाहा आणि बाहेरून त्या जागी खडूने खूण करा. माझ्या सॅकमध्ये दरवर्षी पाठीकडच्या खालच्या कोपऱ्यातला कागद भिजतो. तिथे मी आता फक्त कांदे-बटाटे ठेवतो.